मुकादम मॅडमची दुसरी पंगत

मुकादम मॅडम कुणालाही ‘कशी आहेस?’ असं विचारत नसत. ‘काल रात्री काय जेवलीस?’ हाच त्यांचा नमस्कार. उत्तर ऐकून त्या क्षणभर वर बघत, जणू तुमचं जेवण आत कुठपर्यंत पोचलं असेल याचा हिशेब लावत आहेत, आणि मग म्हणत, ‘बरं.’ किंवा, ‘हं, म्हणजे आज मंडळी उपाशी.’ एकदा लिफ्टमध्ये आमच्या संचालकांच्या पत्नी होत्या, कुठल्याशा समारंभाला निघालेल्या, रेशमी साडीत. मॅडमनी त्यांनाही विचारलं, ‘कल रात क्या खाया?’ त्यांनी गोंधळून ‘सूप’ असं सांगितलं. ‘बस? सिर्फ सूप?’ मॅडम म्हणाल्या, ‘फिर वो लोग क्या खाएँगे?’ संचालकांच्या पत्नींना वाटलं, घरातल्या नोकरमाणसांबद्दल चाललंय. त्यांनी घाईघाईने सांगितलं, की त्यांचं जेवण वेगळं बनतं.

‘मंडळी’ म्हणजे आतड्यातले जिवाणू. मॅडम त्यांना जंतू म्हणू देत नसत.

डॉ. रुकैया मुकादम मूळच्या दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातल्या. फरिदाबादच्या बाजूला आमची सरकारी संशोधन संस्था आहे, तिथे त्या शास्त्रज्ञ होत्या. मी त्यांच्या प्रयोगशाळेत टेक्निकल ऑफिसर. नवऱ्याची केंद्र सरकारातली नोकरी म्हणून मी सांगलीहून दिल्लीला आले आणि योगायोगाने मॅडमच्या हाताखाली पडले. माझ्या ताब्यात एक यंत्र होतं. नमुना आत सोडला, की त्यातली आम्लं एकामागून एक वेगळी करून पडद्यावर टेकड्यांसारखी काढून दाखवायची, एवढंच त्याचं काम. जेवढी टेकडी मोठी, तेवढं ते आम्ल जास्त.

दिल्लीत त्यांच्या नावाने एक गंमत कायम व्हायची. नाव ऐकलं, की लोक अदबीने अस्सल उर्दूत सुरू करायचे. ‘तशरीफ़ रखिए, मोहतरमा.’ मॅडम बसायच्या आणि म्हणायच्या, ‘थँक यू. मेरा हिंदी ऐसाच है, चलेगा ना?’ समोरचा चकित व्हायचा. घरी त्या कोकणी मुसलमानांची मराठी बोलायच्या, माझ्याशी पुस्तकातली, आणि बाकी जगाशी जे काही बोलायच्या त्याला भाषेचं नाव देता येत नाही. आमच्या ऑफिसातले चड्ढाजी मूळचे पानिपतचे. कुणीही मराठी माणूस भेटला, की ‘आप लोग तो हमारे यहाँ हारे थे’ हा त्यांचा एकुलता एक विनोद असे. मॅडमनी पहिल्याच दिवशी तो निकालात काढला. ‘हम कोकन के हैं. हम आए ही नहीं थे.’

मी रुजू झाले त्या सकाळी प्रयोगशाळेच्या दारातच थबकले. आत काहीतरी सडलंय अशी पक्की खात्री झाली होती. मॅडम खिडकीपाशी उभ्या राहून चहा घेत होत्या, बुटक्या, जाड चष्म्याच्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

‘कसला वास येतो सांग,’ त्या म्हणाल्या. माझं नावसुद्धा अजून विचारलं नव्हतं.

‘खवट लोण्याचा.’

‘शाब्बास. इथे आलेले सगळे “घाण वास” एवढंच सांगतात. ब्युटिरिक आम्ल आहे ते. खवट लोण्यात असतं, म्हणून नावही लोण्यावरूनच पडलं. तुझ्या मोठ्या आतड्याच्या आतलं अस्तर यावर जगतं. तू घरी कांदेपोहे खातेस ना, तसं ते हे खातं.’

‘पण मी तर लोणी…’

‘लोण्यातून नाही जात ते तिथे. ते तिथेच तयार होतं. बस, सांगते.’

मग त्यांनी मला ते पंगतीचं सांगितलं. पुढे प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी ते सांगितलेलं मी ऐकलं आहे, आणि दर वेळी तेवढ्याच उत्साहाने. जेवणातलं पिष्ट म्हणजे स्टार्च, बहुतेक सगळं लहान आतड्यातच पचतं, त्याची साखर होते आणि ती रक्तात जाते. ही पहिली पंगत, आपली. पण थोडं पिष्ट असं असतं, की आपल्या पाचकरसांना दाद देत नाही. कच्च्या केळ्यात ते असतं, राजम्यात, चवळीत असतं. भात शिजवून गार केला, की त्यातल्या काही साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात, तेव्हा त्या गार भातातही ते वाढतं. हे न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरतं, आणि तिथे मंडळी वाट बघत बसलेली असतात. ती दुसरी पंगत. ते आंबवतात, खातात, आणि त्यातून ही आम्लं तयार होतात. आतड्याचं अस्तर ती शोषून घेतं, त्यावर त्याचं पोषण चालतं, सूज आटोक्यात राहते.

‘आपण ताट चाटूनपुसून लख्ख केलं, सगळा मैदा, सगळं मऊ मऊ खाल्लं,’ त्या म्हणायच्या, ‘तर दुसऱ्या पंगतीला काय वाढणार? यजमानाने सगळं आधीच संपवायचं नसतं.’

तो वास कपड्यांना धरून बसायचा. संध्याकाळी मेट्रोच्या बायकांच्या डब्यात आम्ही दोघी चढलो, की भोवती आपोआप जागा व्हायची. मी मान खाली घालून उभी राहायचे. मॅडम मोकळ्या झालेल्या सीटवर बसायच्या आणि मला ओढून शेजारी बसवायच्या. ‘संशोधनाचा असा लगेच फायदा कुणाला मिळतो गं?’

त्यांच्या डब्यात बारा महिने आदल्या संध्याकाळचा भात असे. कधी ताक घालून, कधी नुसती मोहरी-मिरचीची फोडणी देऊन, सोबत सुकटीची चटणी. इथल्या लोकांना त्याचं फार वाईट वाटायचं. एवढी मोठी शास्त्रज्ञ, आणि बासी चावल खाते. चड्ढाजी तर एकदा आपला गरम पराठा घेऊन आले आणि बळेच त्यांच्या डब्याच्या झाकणात ठेवून गेले. मॅडमचं बघून आमच्या एका सहकारी बाईंनी उत्साहाने शिळा भात खायला सुरुवात केली आणि दोन दिवसांत उलट्या करत रजेवर गेल्या. मॅडमनी त्यांना फोन लावला. भात रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला होता, उन्हाळ्यात. फोनवर मॅडमचा आवाज चढला तो अख्ख्या मजल्याने ऐकला. ‘ओट्यावर? मे महिन्यात? थंडा करने का मतलब फ्रिज में, तुरंत!’ फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. ‘शिळं आणि नासलेलं यातला फरक कळला, की अर्धं मायक्रोबायॉलॉजी झालं. पण कुणाला तेवढंही नको असतं.’

मॅडमचा सगळ्यात मोठा प्रयोग त्यांच्या निवृत्तीच्या आधीच्या काळातला. निरोगी माणसांना काही आठवडे रोज ठरावीक मापाने कच्च्या केळ्याचं पीठ ताकातून द्यायचं, आणि आधी व नंतर आम्लं किती बदलतात ते मोजायचं. त्यासाठी माणसं हवी होती. मॅडम मला घेऊन कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथीगृहात गेल्या, कारण तिथल्या कँटीनमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी आपल्याकडची मुलं झुणका-भाकरीसाठी येत. लातूर, बीड, नंदुरबार, कुठली कुठली. मॅडम एका टेबलाशी जाऊन बसल्या.

‘काल काय जेवलात रे?’

‘मेसमधलं, मॅडम. छोले.’

‘छान! आणि पोट?’

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मॅडमनी प्रयोग सांगितला. पीठ ताकातून घ्यायचं, काही त्रास नाही, थोडे वायू होतील. आणि सँपल द्यायचं.

‘सँपल म्हणजे रक्ताचं ना मॅडम?’

‘नाही रे. दुसरं.’

एका मुलीने हळूच विचारलं, ‘म्हणजे… ते?’

‘तेच. तुम्ही उद्या कलेक्टर होणार. शौचालयं बांधून घेणार, मोजणी करणार. आत्तापासून त्या शब्दाला लाजलात तर कसं व्हायचं?’

हसता हसता बरीच मुलं तयार झाली. संस्थेतलीही काही माणसं आली, चड्ढाजीसुद्धा. आणि स्वतः मॅडम. ‘दुसऱ्याला जे खाऊ घालणार ते आधी मी खाणार,’ हा त्यांचा नियम होता. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक होता, आणि कुठला क्रमांक कुणाचा ते फक्त पूजा यादवला माहीत होतं. पूजा आमची कंत्राटी संशोधक, रेवाडीची, हुशार आणि फटकळ. मी नमुने यंत्रात सोडत गेले, टेकड्या छापत गेले. माझ्यासाठी ते सगळे नुसते आकडे होते.

निकालाच्या बैठकीत मी पडद्यावर एकेक आलेख दाखवला. पुष्कळांची ब्युटिरेटची, म्हणजे त्या ब्युटिरिक आम्लाची, टेकडी पीठ सुरू झाल्यावर वाढली होती, काहींची चांगलीच. सगळ्यात उंच टेकडीचा क्रमांक पूजाने वाचला तेव्हा ती चड्ढाजींची निघाली. रोज राजमा खाणारा माणूस. चड्ढाजी उठून उभे राहिले आणि त्यांनी लोकांना वाकून नमस्कार केला. पण काही माणसांत काहीच बदल नव्हता. आणि एक आलेख तर असा होता, की आधीही सपाट आणि नंतरही सपाट. सबंध गटात सगळ्यात कमी.

‘हा कुणाचा?’ मॅडमनी विचारलं.

पूजा यादीकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘मॅडम… ये आप हैं.’

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि मला म्हणाल्या, ‘परत लाव.’

मी राखून ठेवलेला दुसरा भाग परत लावला. तसाच आला.

त्या दिवशी दुपारी त्या नेहमीच्या जागी डबा उघडून बसल्या. तोच भात, तेच ताक. मी समोर बसले होते, आणि मला राहवेना. ‘मॅडम, अजून खाताय?’

‘आवडतो म्हणून खाते. औषध म्हणून खात होते असं तुला कुणी सांगितलं?’ पण घास हातातच राहिला होता. तो परत डब्यात ठेवून त्या म्हणाल्या, ‘हे घट्ट पिष्ट पहिल्यांदा फोडणारे काही ठरावीक जिवाणू असतात. ते फोडतात, मग बाकीचे खातात आणि आम्लं बनवतात. ते पहिले नसले, तर बाकीचे नुसते बसून राहतात. माझ्याकडे पंगत बसलीय, नारळांचा ढीग आहे, आणि नारळ फोडणाराच आलेला नाही.’ त्या हसल्या. ‘इतकी वर्षं मी लोकांना सांगत फिरले. माझ्या स्वतःच्या घरात काय चाललंय ते तुझ्या यंत्राने सांगितलं.’

पुढच्या परिषदेत त्यांनी तो सपाट आलेख सगळ्यात आधी दाखवला. खाली लिहिलं होतं, ‘वक्ता स्वतः’.

त्याच सुमारास गुरुग्रामची एक कंपनी मॅडमच्या मागे लागली. कच्च्या केळ्याचं पीठ सुबक पाकिटात विकायची त्यांची तयारी होती. प्रयोगाच्या पुढच्या टप्प्याचा सगळा खर्च कंपनी करणार होती, आणि त्यावर पूजाची आणि आणखी एका मुलीची नोकरी पुढे चालणार होती. आमचे संचालक खूश होते. मॅडम, पूजा आणि मी कॅबने तिथे गेलो. काचेची इमारत, वरच्या मजल्यावरून खाली गाड्यांची रांग मुंग्यांसारखी दिसत होती. मार्केटिंगचा प्रमुख तरुण होता, अगदी नम्र. त्याने आमच्यापुढे त्या पिठाचं केळ्याचं शेक ठेवलं आणि पाकिटाचा नमुना पुढे सरकवला. त्यावर मॅडमचा पांढऱ्या कोटातला फोटो, आणि खाली ओळ होती, की हे पीठ प्रत्येक पोटाला लागू पडतं, आणि हे विज्ञानाने सिद्ध झालंय.

मॅडमनी बोट ठेवलं. ‘ये “प्रत्येक” निकालो. “कुछ लोगों को” लिखो.’

‘मॅम, “कुछ लोगों को” लिखेंगे तो खरीदेगा कौन?’

‘जिसको फायदा होगा वो.’

‘पर उसको पता कैसे चलेगा कि उसे होगा?’

‘वोच तो अगला प्रोजेक्ट है!’ मॅडम खूश होऊन म्हणाल्या. त्यांना वाटलं, आता याला मुद्दा कळला.

तो हसला. ‘मॅम, छोटी सी बात है. और आप तो खुद रोज़ लेती हैं ना? लोग आपका चेहरा देखकर भरोसा करेंगे.’

मॅडमनी मला लॅपटॉप उघडायला सांगितला. मी त्यांच्या मनातलं ओळखलं आणि त्यांचाच आलेख काढला. तो सपाट पट्टा त्या चकचकीत टेबलावर सगळ्यांना दिसेल असा फिरवून त्या म्हणाल्या, ‘ये मैं हूँ. अब मेरा फोटो लगाओगे?’

बैठक तिथेच संपली. शेक कुणी प्यायलं नाही. परतीच्या वाटेवर पूजा खिडकीकडे तोंड करून बसली होती. एका सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ती एकदम म्हणाली, ‘मॅडम, आपका तो रिटायरमेंट है. हमारा क्या? एक शब्द के लिए?’

‘तत्त्व’ हा शब्द मॅडमनी त्या दिवशी काढला नाही, नंतरही कधी नाही. गाडी पुन्हा सुटल्यावर म्हणाल्या, ‘तू चिढी है, वो बरोबर है.’ एवढंच.

प्रकल्प पुढे गेला नाही. पूजाचं कंत्राट संपलं आणि ती रेवाडीला घरी गेली. तिच्यासाठी मॅडमनी देशभरातल्या ओळखीच्या प्रयोगशाळांना फोन केले. मी शेजारच्या टेबलावरून ऐकत असे. ‘मुलगी फटकळ आहे, पण नमुन्याशी प्रामाणिक आहे,’ हे वाक्य त्या तीन भाषांत सांगायच्या. उन्हाळा गेला, पाऊस गेला, तेव्हा कुठे पुण्यात तिला जागा मिळाली. तोपर्यंत आणि नंतरही बरेच महिने ती मॅडमशी बोलली नाही. मॅडमनी ते मनाला लावून घेतलं, पण निर्णय चुकला असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे मला त्यांच्याकडे बघून समजलं.

निवृत्तीला काही महिने राहिले होते तेव्हा मॅडमना रक्त जायला लागलं. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली, कॅन्सरची. वेळेत सापडली होती. मला त्यांनी ही बातमी यंत्राचा फिल्टर बदलता बदलता सांगितली, आणि लगेच बोट उगारलं. ‘आणि हे बघ, हिचा आलेख सपाट होता म्हणून हिला हे झालं, असं कुठे बोलायचं नाही. एका माणसावरून काहीही सिद्ध होत नाही. माझ्यावरूनही नाही.’

शस्त्रक्रियेत गाठ काढली आणि आतडं जोडलं. तो सांधा भरून यावा म्हणून लहान आतड्याचं टोक काही महिन्यांपुरतं पोटावर बाहेर काढलं. तिथे पिशवी लावायची, जे काही येईल ते त्या पिशवीत. मोठ्या आतड्यात काही उतरायचंच नाही. दापोलीहून त्यांची धाकटी बहीण खतिजा आली होती. ती पिशवी बघून कोपऱ्यात जाऊन रडायची. मॅडमना पहिले काही दिवस स्वतःकडे बघवत नव्हतं, हे मला दिसत होतं. ओढणी सतत पोटावर धरून बसायच्या. मी भेटायला गेले की नेहमीचा प्रश्नही विचारायच्या नाहीत.

मग एक दिवस त्यांनी फोन केला. आवाज जुना होता. ‘वैशाली, एक डोक्यात आलंय. लहान आतड्यातून न पचता काय बाहेर पडतं, ते बघायला आपल्याला कधी मिळतं का? ते पुढे मंडळींच्या तावडीत सापडतं आणि संपतं. आपण फक्त अंदाज बांधतो. आणि माझ्या पोटावर तर आता खिडकीच आहे.’

‘मॅडम, तुम्ही…’

‘जुनी पद्धत आहे ही. पिशवी असलेल्या रुग्णांवरच हे मोजलं गेलंय. मी नवीन काही करत नाहीये. संस्थेच्या एथिक्स कमिटीला कळवलंय, सर्जनना विचारलंय. एक दिवस गरम भात खाईन, एक दिवस तोच फ्रिजमधला. तू फक्त स्टार्च मोजायचं.’

त्यांनी स्वतः डबे भरून, बर्फात ठेवून, खतिजाबरोबर पाठवले. खतिजाने ते माझ्या टेबलावर ठेवले तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं. ‘हे आमची आपा सगळ्यांना देते का?’ तिने विचारलं. मी मोजलं. गार भाताच्या दिवशी न पचलेलं पिष्ट स्पष्ट जास्त होतं. मी आकडा फोनवर सांगितला. मग मॅडम म्हणाल्या, ‘म्हणजे माझी पहिली पंगत तरी बरोबर चाललीय.’ आणि मग, खूप दिवसांनी, ‘बरं, तू काल काय जेवलीस?’

पुण्याहून पूजाचा फोन त्याच आठवड्यात आला. तिला शस्त्रक्रियेचं कुणाकडून तरी कळलं होतं. तेव्हा मी मॅडमच्याच घरी होते, म्हणून फोन स्पीकरवर टाकला. पूजा थोडा वेळ चाचरली आणि मग तिच्या हरियाणवी हेलात मराठी वाक्य म्हणाली, ‘मॅडम, काल काय जेवली?’ मॅडमना हसू आवरेना. पोटाला दोन्ही हातांनी धरून त्या हसत होत्या, टाके दुखत होते तरी.

सगळंच असं हसण्यावारी गेलं नाही. पिशवी निघायची तारीख जवळ आली होती आणि मॅडमना खालून पुन्हा रक्त दिसलं. त्या वेळी मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. हॉस्पिटलच्या बाकावर त्या माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. आत दुर्बीण घालून तपासणी झाली. बाहेर आलेला निवासी डॉक्टर अगदी पोरगेला होता. त्याने सांगितलं, गाठ परत आलेली नाही, सांधा उत्तम आहे. पण मोठ्या आतड्याचं अस्तर सुजलंय, हात लावला की रक्त येतं. ‘मॅम, ऐसा होता है. उधर से कुछ जा नहीं रहा ना, तो…’

‘भूखा है,’ मॅडम म्हणाल्या.

‘जी?’

‘अस्तर भूखा है. नीचे कुछ पहुँचताच नहीं, तो बॅक्टेरिया क्या आंबवेगा, और अस्तर क्या खाएगा. मालूम है मेरेको. मैंने पढ़ाया है ये.’ आणि त्या रडायला लागल्या. मोठ्याने, रुमाल न शोधता. तो डॉक्टर गोंधळला. त्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं बोललो. मॅडमनी मान हलवली आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, ‘मला वाटलं होतं, संपलं सगळं. हे तर नुसतं जेवण बंद झाल्यामुळे आहे गं. नुसतं जेवण!’

यावर खरा उपाय वाट पुन्हा जोडणं हाच होता. तसं डॉक्टरांनी केलं. पिशवी गेली, आतडं आत गेलं, पोटावर एक आखूड व्रण राहिला. सुरुवातीचे आठवडे हालाचे होते. घराबाहेर पडवत नव्हतं, रात्री झोप नव्हती. मॅडम वैतागायच्या, खतिजावर ओरडायच्या, मग तिची माफी मागायच्या. पण रक्त थांबलं. पुढच्या तपासणीत अस्तर गुलाबी दिसलं. काही महिन्यांनी त्यांनी मला शेवटचा एक नमुना दिला, आणि मी तो यंत्रात सोडला. ब्युटिरेटची टेकडी पूर्वीइतकीच बुटकी होती. मी ते भीत भीत सांगितलं.

‘हो? बरं,’ त्या म्हणाल्या. ‘बुटकी का होईना, आहे ना? तेवढ्यावर अस्तर भरून आलं की. नारळ फोडणारा नसला तरी कुणीतरी करवंटी खरवडतंय.’

निवृत्तीनंतर दिल्लीत राहायचं काही कारण नव्हतं. त्या दापोलीला खतिजाकडे जायला निघाल्या. आता तिथेच असतात. फोन उचलत नाहीत, मेसेजला दोन दिवसांनी उत्तर देतात. इथे किराणा दुकानात, मॉलमध्ये, हल्ली पोटाच्या आरोग्याची इतकी पाकिटं आली आहेत, की प्रत्येक फळीवर कुणीतरी पांढऱ्या कोटात हसत उभं असतं. मी पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचते. ‘काही लोकांना’ असं लिहिलेलं मला अजून तरी सापडलेलं नाही.

दिल्ली सोडण्याआधी त्यांची हॉस्पिटलमधली शेवटची भेट होती. मी सोबत गेले होते. केसपेपरच्या खिडकीवरची रांग संपवून मी वर आले तर मॅडम आपल्या जागेवर नव्हत्या. पलीकडच्या बाकावर, एका तरुण मुलीच्या शेजारी बसल्या होत्या. मुलगी विशीच्या पुढची असेल, हातात लाल चुडा, नवीन लग्न झालेली. तिने शाल पोटावर दोन्ही हातांनी आवळून धरली होती, आणि बरीच रडलेली दिसत होती. नवरा थोडा लांब भिंतीला टेकून उभा होता. जवळ यावं की नाही हे त्याला कळत नसावं.

‘कब लगा पिशवी?’ मॅडम विचारत होत्या.

‘दस-बारह दिन हुए, आंटी.’

‘चिपकता बराबर? नहीं? छेद बड़ा काटते होंगे तुम लोग. एकदम माप से काटने का. चमड़ी सूखा रखने का, फिर चिपकाने का.’ त्यांनी हवेत कात्री चालवून दाखवली. ‘और डरने का नहीं. मेरा भी था.’

मुलीने मान वर केली. ‘आपका?’

मॅडमनी भर कॉरिडॉरमध्ये, आजूबाजूला चार माणसं असताना, कुडत्याची कड चार बोटं वर केली आणि व्रण दाखवला. ‘देख. बंद हो गया.’

मुलगी वाकून बघत राहिली. मग तिने अगदी बारीक आवाजात विचारलं, ‘आंटी, अगले महीने ननद की शादी है. मैं जाऊँ?’

‘अरे, तो जा ना! लाल पहन. थोड़ा ढीला सिलवा, बस. नाचना है तो पहले खाली करके नाच.’

मुलीला हसू फुटलं. शालीवरची मूठ सैल झाली, एक हात तर तिने बाकावर टेकवला. नवरा भिंत सोडून दोन पावलं पुढे आला.

तेवढ्यात आतून नर्सने पुकारलं, ‘रुकैया मुकादम!’ मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी दाराकडे मानही वळवली नाही. पुन्हा पुकारा झाला, या वेळी जरा वैतागून. मॅडमनी त्या मुलीचा हात हातात घेतला होता. दुसरा हात वर करून त्यांनी नर्सला खूण केली, आणि म्हणाल्या,

‘अगले को भेजो, सिस्टर. मेरा तो हो गया है.’